घरचाच पैसा

पारिसअण्णा बोरगाव्यांनी मुलाची पत्रिका माझ्या पुढ्यात सरकवली. ती न उघडताच मी बायकोकडे दिली आणि म्हणालो, "हे हिचं खातं. मला तुमचे मागच्या तीन वर्षांचे ताळेबंद दाखवा."

सुलोचनानं मला कोपरानं ढोसलं. मुलगा, अभय, खाली बघून हसला. मुलगी द्यायला आलेल्या बापानं असं काही मागायचं नसतं, हे मलाही ठाऊक होतं. पण पद्मजा माझी एकुलती एक मुलगी, आणि मी जयसिंगपुरात पंचवीस वर्षं व्यापाऱ्यांच्या इन्कमटॅक्सची कामं करणारा माणूस. तुम्हाला माणसं कळत नाहीत, असं सुलोचना मला नेहमी म्हणायची. मला कागद कळतात, असं मी तिला ऐकवायचो. माणूस वर्षभर कसाही वागू दे, एकतीस मार्चला त्याला एका पानावर उभं राहावंच लागतं, हे माझं ठरलेलं वाक्य होतं आणि ते मी कुणालाही, कुठंही ऐकवत असे.

पारिसअण्णा रागावले नाहीत. उलट खूश झाले. "पाहुणं, ह्या सोफ्यावर बसून लोकांनी नाडी बघितली, मंगळ बघितला," ते म्हणाले. "ताळेबंद मागणारं तुम्हीच पहिलं." मग त्यांनी आत हाक मारून फायली मागवल्या.

इचलकरंजीत त्यांचा अठ्ठेचाळीस मागांचा कारखाना होता, घराच्या मागंच. मागांच्या खडखडाटात बोलायचं म्हणजे आवाज चढवावा लागे, म्हणून त्या घरात सगळेच जरा मोठ्यानं बोलत. मी चष्मा चढवला आणि पानं उलटायला लागलो. नफा मोठा नव्हता, पण दरवर्षी होता. बँकेचं कर्ज मर्यादेत होतं. सूत देणाऱ्या व्यापाऱ्यांची देणी दोन-अडीच महिन्यांत फिटत होती. शिल्लक मालाचा आकडा मला जरा जास्त वाटला, म्हणून मी उठून गोदामात गेलो आणि कापडाचे तागे मोजून आलो. सुलोचना तिकडं शरमेनं अर्धी झाली. तागे बरोबर भरले.

शेवटी विनातारण कर्जांची यादी होती. धंद्याची तब्येत बघायची तर मी हे पान सगळ्यांत बारकाईनं वाचतो. माणूस अडचणीत आला की या पानावर परकी नावं दिसायला लागतात, कुणी सावकार, कुणी मित्र, कुणी दलाल. इथं एकही परकं नाव नव्हतं. पारिसअण्णांच्या बायकोचं नाव होतं, त्यांच्या विधवा बहिणीचं होतं आणि थोरल्या सुनेचं, त्रिशलाचं. दरवर्षी बारा टक्क्यांनी व्याज त्यांच्या खात्यात जमा होत होतं आणि तिघींपैकी कुणीही त्यातला रुपया उचललेला नव्हता.

"घरचाच पैसा आहे," मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो. "बँक आणि सूतवाले सोडले तर बाहेरचं एक देणं नाही. असा धंदा बुडत नाही."

त्रिशला त्या वेळी उप्पिटाच्या बशा घेऊन आली होती. मी बशी घेतली, उप्पीट छान झालंय म्हणालो आणि लग्न ठरलं.

लग्न मे महिन्यात झालं. आम्ही पद्मजाला बावीस तोळे घातले. हे सोनं काही एका रात्रीत झालेलं नव्हतं. ती पाळण्यात असल्यापासून सुलोचना घरखर्चातून वाचवून, कधी अर्धा तोळा, कधी एक, असं ते जमवत आली होती. कुठला दागिना कुठल्या वर्षी केला हे तिला तोंडपाठ होतं. मला मात्र फक्त एकूण वजन माहीत होतं.

पारिसअण्णांनी पुढं त्या प्रसंगाची गंमतच करून टाकली. दर दिवाळीला फराळाच्या डब्याबरोबर त्या वर्षीच्या ताळेबंदाची झेरॉक्स यायची. वर त्यांच्या हातानं लिहिलेलं असे, 'पाहुण्यांच्या तपासणीसाठी'. पहिल्या वर्षी आम्ही दोघं खूप हसलो. असा खुल्या मनाचा व्याही मिळाला म्हणून मी चार लोकांत मिरवलोसुद्धा.

दुसऱ्या दिवाळीला डबा आला. सुलोचना चकल्या काढून ठेवत होती आणि मी कागद घेऊन खिडकीपाशी बसलो होतो. पहिल्याच पानावर मला बरं वाटलं नाही. विक्री घटली होती आणि शिल्लक माल मात्र दीडपट झाला होता. म्हणजे कापड विणलं जात होतं, विकलं जात नव्हतं, आणि पडून राहिलेला ताजा माल असल्यासारखा पूर्ण भावानं लिहून नफा दाखवला होता. मी विनातारण कर्जांचं पान उघडलं. तिथं चार नावं होती. चौथं नाव 'सौ. पद्मजा अभय बोरगावे', रक्कम एक लाख एकतीस हजार.

आधी मला वाटलं, टायपिंगची चूक असेल. पद्मजा कुठं नोकरी करत नव्हती. मी दिलेले पैसे म्हणावेत तर मी दिले नव्हते. मग त्या वर्षीचा सोन्याचा भाव मनाशी धरला, त्याला बावीसनं गुणलं, सोनार मोड घेताना कापतो ती घट काढली. आकडा हजार-पाचशेच्या फरकानं जुळला.

मी कपाटातून लग्नाच्या वेळच्या प्रती काढल्या. तीच तीन नावं. कधी घराबाहेर पडून कमाई न केलेल्या तीन बायकांकडं लाखांनी रुपये आले कुठून? हा प्रश्न मी कुठल्याही अशिलाला पहिल्या पाच मिनिटांत विचारला असता. इन्कमटॅक्सवाले तो नेहमी विचारतात, आणि त्याचं उत्तर माझ्या ऑफिसात तयार असे. बायकोच्या, सुनेच्या नावावर जमा असलेल्या रकमेपुढं 'स्त्रीधनातून' एवढा एक शब्द लिहायचा. माझ्या हातानं मी तो शेकडो वेळा लिहिला होता. लिहून लिहून तो शब्द इतका गुळगुळीत झाला होता, की त्याचा अर्थ कुणाच्या तरी बांगड्या आणि कुणाचा तरी राणीहार असा आहे हे माझ्या डोक्यातच उरलं नव्हतं.

सुलोचनानं विचारलं, "काय म्हणतोय व्याह्यांचा धंदा?"

"ठीक आहे," मी म्हणालो. तिच्याशी मी फार खोटं बोललो नाही आयुष्यात. हे बोललो.

भाऊबीज झाल्यावर मी एकटाच एसटीनं इचलकरंजीला गेलो. पारिसअण्णा कारखान्याच्या दारात खुर्ची टाकून बसले होते. निम्मे माग बंद होते, त्यामुळं नेहमीसारखं ओरडून बोलावं लागलं नाही. मी कागद काढून त्यांच्या मांडीवर ठेवला आणि पद्मजाच्या नावावर बोट ठेवलं.

त्यांनी नजर चुकवली नाही. सूतवाल्यानं माल थांबवला होता, बाजार सुधारला की पहिलं देणं पोरीचंच फेडणार होते, असं त्यांनी सांगितलं. मी विचारलं, मला एका शब्दानं का नाही कळवलं. त्यावर मात्र त्यांना लागलं.

"कळवलं न्हाई कसं? ताळेबंद पाठवला की तुम्हाला," ते म्हणाले. "पाहुणं, मी चोरून काय केलेलं न्हाई. पै न् पै लिहून ठेवलीया, व्याज लावलंय. माझ्या आईच्या पाटल्या मोडून ह्यो कारखाना उभा ऱ्हायला, तिचं नाव कुठल्या वहीत न्हाई. मी निदान नाव तर घालतोय."

ते मनापासून बोलत होते. मला त्यांचा राग आणायचा होता आणि तो नीट येईना. आपण या बायकांचा मान राखतो आहोत, असं त्या माणसाला खरंच वाटत होतं.

मी मागच्या पडवीत गेलो. तिथं पद्मजा आणि त्रिशला शेवया मोडत बसल्या होत्या. दिवस मावळायच्या आत जेवणं आटोपायची त्या घराची रीत, त्यामुळं चार वाजताच चुली पेटलेल्या असत. मला बघून पद्मजाचा चेहरा उजळला. मी काही विचारायच्या आतच तिनं आतून एक कागद आणला.

"बरं झालं आलात, पप्पा. मी फोनच करणार होते. यावर सही करायची आहे, अण्णांनी दिलाय."

ते बँकेला द्यायचं पत्र होतं. कारखान्याचं कर्ज पुढच्या वर्षासाठी चालू ठेवायचं तर घरच्या माणसांनी आपापल्या रकमा बँकेचं देणं फिटेपर्यंत मागायच्या नाहीत, असं लेखी द्यायचं होतं. बँकेच्या दृष्टीनं हे सरळ होतं. घरचा पैसा आत अडकवून ठेवायचा, म्हणजे धंदा बुडाला तर आधी तो जातो आणि बँक वाचते.

"दागिने तू का दिलेस?" मी विचारलं. "जबरदस्ती केली कुणी?"

"नाही हो." तिला माझ्या आवाजाचं नवल वाटलं. "अभयनं नुसतं विचारलं. लगेच नको, विचार कर, असंही म्हणाला. मीच म्हटलं, विचार कसला करायचा? माझ्या पप्पांनी तागे मोजून बघितलेला धंदा आहे हा."

ती हसत होती. मी पडवीच्या कट्ट्यावर बसलो. माझ्या आयुष्यात मी जितके ताळेबंद तपासून दिले, त्यातल्या एकावरही कुणी इतका विश्वास टाकला नव्हता. त्रिशलानं मला पाणी आणून दिलं.

"धंदा बरा नाही, पद्मू," मी म्हणालो. "त्या दिवशीही तितका बरा नव्हता. मला दिसायला हवं होतं, दिसलं नाही. आता गोदामात जे पडलंय त्याला गिऱ्हाईक नाही. सही करू नकोस. आणि तुझे पैसे आत्ताच मागून घे. तुझा हक्क आहे."

पद्मजा घाबरून आतल्या दाराकडं बघायला लागली. "मी सही नाही केली तर बँक कर्ज बंद करेल ना?"

"करेल कदाचित."

"मग कारखाना?"

त्रिशलानं शेवयांचं ताट बाजूला सरकवलं.

"माझी सही झालीया, काका," ती म्हणाली. "मागच्या आठवड्यात."

तिच्या नावावर तोवर चार लाखांच्या वर रक्कम होती, व्याजावर व्याज चढून. त्या व्याजाचं इन्कमटॅक्सचं रिटर्नसुद्धा ती दरवर्षी भरत होती, म्हणजे सासरे ठेवतील त्या कागदावर सही करत होती. तिनं न मिळालेल्या पैशांवरचा कर भरला होता. मी तिच्याकडं नीट असं त्या दिवशी पहिल्यांदा बघितलं. गळ्यात दोऱ्यात ओवलेली काळी पोत होती, हातात काचेच्या बांगड्या. तक्रार करावी असा तिचा सूर नव्हता.

"तुम्ही पद्मजाच्या वेळी आलासा, कागद बघितलासा, तवा मी तिथंच हुतो," आमच्याकडच्या बायका स्वतःबद्दल पुरुषांसारखं 'हुतो' म्हणतात तशी ती बोलली. "माझं नाव वाचलं तुम्ही. मला वाटलं, हे शिकलेलं हायत, आता विचारतील पैसे कुठनं आले. विचारलं असतं तर मी सांगणार हुतो."

खरं सांगायचं तर त्या क्षणी मला एवढंच कळत होतं की माझी मुलगी वाचली पाहिजे. त्रिशलाला मी काय सांगणार होतो? सही परत घे? तिला सांगणारा बाप तिच्या लग्नाआधीच गेलेला होता, हे मला माहीत होतं. तिनं मला काही विचारलं नाही, आणि मला ते सोयीचं वाटलं.

मी पद्मजाच्या हातातून पत्र घेतलं, न फाडता घडी घालून पारिसअण्णांना नेऊन दिलं आणि माझी मुलगी सही करणार नाही असं सांगितलं. ते बराच वेळ त्या घडीकडं बघत बसले. मग म्हणाले, "जेवून जावा." मी जेवलो नाही.

पुढचे आठ दिवस फार वाईट गेले. सुलोचनाला सगळं सांगावं लागलं. ती रडली नाही, फक्त कुठला दागिना कुठल्या वर्षीचा ते एकदा म्हणून दाखवलं आणि स्वयंपाकघरात गेली. नवव्या दिवशी पारिसअण्णा स्वतः आमच्या दारात आले. आत यायलाही तयार नव्हते. खिशातून चेक काढून त्यांनी माझ्या हातात दिला, एक लाख एकतीस हजारांचा.

"तुमच्या मुलीचं तुमच्या मुलीला," ते म्हणाले.

मी विचारायला हवं होतं, पैसे आले कुठून. पुन्हा एकदा तोच प्रश्न, आणि पुन्हा एकदा मी तो विचारला नाही. चेक वटला. तोवर सोन्याचा भाव चढला होता, त्यामुळं बावीसऐवजी वीस तोळेच आले. ते आम्ही पद्मजाच्या नावानं लॉकरमध्ये ठेवले. बँकेनं कर्ज चालू ठेवलं, ते कसं याचा मी शोध घेतला नाही.

पुढच्या दिवाळीला फराळ आला नाही. ताळेबंद मात्र पोस्टानं आला, त्यावर यंदा काही लिहिलेलं नव्हतं. यादीत पुन्हा तीनच नावं होती. पद्मजाचं गेलं होतं. त्रिशलाचा आकडा मात्र फुगला होता. त्या वाढीतून वर्षाचं व्याज वजा केलं तर खाली बरोबर एक लाख एकतीस हजार उरत होते. मी वजाबाकी दोनदा केली. मग तो कागद फायलीला लावला आणि घरात कुणालाही सांगितलं नाही, पद्मजाला तर नाहीच.

कारखाना आणखी दोन वर्षं रखडला. अभयनं तोवर पुण्यात नोकरी धरली होती आणि पद्मजा त्याच्याबरोबर गेली होती. माग भंगाराच्या भावानं गेले, जागा बँकेनं विकली. पारिसअण्णांना अर्धांगवायूचा झटका आला. हिशेब लिहिणाऱ्याची बाकी थकलेली असल्यामुळं शेवटचा ताळेबंद करायला कुणी तयार होईना, तेव्हा अभयनं मला विनंती केली. मी नाही म्हणू शकत नव्हतो.

ते काम मी चार दिवसांत संपवलं. बँकेचं देणं फिटून हातात सतरा हजार राहिले, ते कामगारांचे होते. घरच्या बायकांना द्यायला काहीच नव्हतं. खाती बंद करायची तर त्यांच्याकडून आपलं काही येणं उरलं नाही असं लिहून घ्यावं लागणार होतं. पारिसअण्णांची बायको आणि बहीण, दोघींनी अंगठे दिले. त्रिशलाचा कागद घेऊन मी स्वतः गेलो.

ती तेव्हा कारखान्यापासून लांब, दोन खोल्यांच्या भाड्याच्या घरात राहत होती. नवरा दुसऱ्याच्या कारखान्यात सुपरवायझर होता. ती एका शाळेच्या वसतिगृहात भाकऱ्या करायला जायची, नुकतीच येऊन हातपाय धुऊन बसली होती. मी कागद काढला आणि तिला समजावून सांगायला लागलो. बँक आधी, मग कामगार, मग सरकार, आणि त्या पत्रावर सही केल्यामुळं घरची माणसं सगळ्यांत शेवटी.

"म्हाईत हाय मला, काका," ती म्हणाली. "तुम्ही त्या दिवशी पद्मजाला सही करू नको म्हणालासा, तवाच मला कळलं की सगळं जाणार."

"मग नंतरचे पैसे का आणलेस?" हा प्रश्न मी अखेर विचारला. "कुठून आणलेस?"

तिनं सहज सांगितलं. शिरोळला वडलांची जमीन होती, भावाला तिची हक्कसोडाची सही हवीच होती. इतर बहिणींनी ती फुकट दिली होती. हिनं पहिल्यांदाच आयुष्यात भावाशी भांडून पैसे मागून घेतले होते. त्यानंतर भावानं तिला माहेरी बोलावणं बंद केलं.

"अण्णांनी सांगितलं हुतं आणायला?"

"छे. त्यांस्नी तर मी तुमचा चेक लिवायच्या आदल्या दिवशी दिलं." ती पुढं म्हणाली, "पद्मजाचा बाप गाडीत बसून आला, कागद बघितला, नको म्हणाला. माझ्या लग्नापासनं त्या घरात कुणाच्या बापानं असं येऊन सांगितलेलं मी बघितलं न्हवतं. मला बरं वाटलं ते. म्हटलं, तेवढं तरी वाया जाऊ नये. एकीचं तरी परत मिळावं."

माझ्या डोळ्यांना धारा लागल्या. साठीच्या घरातला माणूस परक्याच्या खोलीत असा रडत बसला, याची मला तेव्हा लाजही वाटली नाही. मी तिला म्हणालो, मी तुलाही सांगायला हवं होतं. तू तिथंच बसली होतीस. ते एका वाक्याचं काम होतं.

तिनं मला पाणी दिलं. मग पदराला हात पुसून तिनं कागद पुढं ओढला आणि सही कुठं करायची ते विचारलं.

मी जागा दाखवली.